शून्याखालचा काटा

मी उंचीमापक बोलतोय. ट्रँटरसाहेबांच्या लढाऊ विमानात त्यांच्या नाकासमोर बसलेली काळी तबकडी, ती मीच. पण समोर असून उपयोग काय म्हणा! घरच्या म्हाताऱ्याला जेवढं विचारतात, तेवढंच मला.

आमचा तळ इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या उंच कड्यावर. उडण्याआधी साहेब तिथल्या जमिनीवर माझा काटा शून्याला आणतात. मग कड्यावरून समुद्रावर उतरलं की मी शून्याच्याही खाली! फ्रान्स बळकावून बसलेल्या जर्मनांच्या रडारला दिसू नये म्हणून लाटांना पोट घासत फ्रान्सचा किनारा गाठायचा, एखादं आगगाडीचं इंजिन फोडायचं आणि ढगात शिरून पळ काढायचा, ही आमची चाल. त्यासाठी मुद्दाम वाईट हवेचा दिवस निवडतात.

"ह्याला कशाला विचारायचं?" साहेब म्हणायचे. "काचेवर तुषार आले की वर घ्यायचं, झालं!"

मागच्या विमानातला त्यांचा जोडीदार एमरिस, वेल्सचा गप्पिष्ट गडी. "लेका, मला तर तुझा पंख तेवढा दिसतो," तो हसायचा. "तू बुडालास की मीही बुडालो!" नियमच होता तसा. ढगात मागच्यानं आपली यंत्रं बघायची नाहीत. पुढच्याच्या पंखाला चिकटून, जरासं खाली राहायचं.

मार्चमधल्या त्या दुपारी आम्ही परतलो तेव्हा कड्यावर ढग टेकले होते. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आशेनं पाहिलं. काटा सांगत होता, भरपूर उंची आहे. पण मी उंची ओळखतो ती हवेच्या दाबावरून. आम्ही निघाल्यापासून तो घसरला होता, आणि दाब घसरला की मी उंची फुगवून सांगतो. माझी घडणच तशी, करू काय! ओरडायला तोंड कुठंय मला?

एकदम समोर गवत दिसलं. "एमरिस, वर घे!" साहेब रेडिओवर ओरडले आणि त्यांनी विमान वर खेचलं. आम्ही वाचलो. एमरिस खाली होता, तो कड्यावर आदळला.

उतरल्यावर साहेबांनी माझ्यावर मूठ हाणली. "खोटारड्या!" काच तडकली. तपासणीत मी निर्दोष ठरलो. अरे, वाईट हवेतच जायचं आणि वाईट हवेतच मी फसणार, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? नवी काच लावून मला पुन्हा तिथंच बसवलं.

आता साहेब माझ्यावरची नजर काढतच नाहीत. समुद्रावर लाटांना घासून जातानासुद्धा! आजही तेच चाललंय. मागे नवा जोडीदार त्यांच्याच पंखाकडे बघत येतोय, काचेवर तुषार उडतायत.

साहेब, मी शून्याखाली आहे, माझ्यात बघण्यासारखं काही नाही. पाया पडतो तुमच्या, बाहेर बघा!