टोलेआबांचा डबा

खाण बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी त्या गावातली म्हातारी मंडळी अजून वाकूनच चालतात. गावच्या हॉलचं दार चांगलं उंचपुरं, पण आत शिरताना ती मान खाली घालणारच. पाहुण्यांना हसू येतं. येवो बापडं.

हॉलमागच्या खोलीत शिवणकाम करणारी बाई ही टोलेआबांची धाकटी मुलगी. आबा आधी बोगद्यांत आणि पुढे खाणीच्या तोंडाशी घंटेवर असायचे. एक टोला म्हणजे माणसांची ने-आण करणारा पाळणा थांबवा, दोन म्हणजे खाली सोडा, तीन म्हणजे वर घ्या. अख्खं गाव त्यांच्या टोल्यांवर जमिनीच्या पोटात उतरलं आणि वर आलं. खाण मिटली तेव्हा आबांनी रुळाचा एक तुकडा आणून हॉलच्या पायरीशी टांगला आणि पोरांसाठी खजिन्याचा खेळ काढला. वर्षातून एकदा ते खाऊचा डबा कुठेतरी लपवायचे आणि पायरीवर बसून टोले द्यायचे. दोन पडले की पोरं उताराने खाली पळायची, तीन पडले की चढाने वर. एकच पडला की जागच्या जागी शोधायचं.

यंदा सकाळपासून दोनच टोले पडत होते. खाली. आणखी खाली. पोरं उतरत उतरत बुजवलेल्या खाणीच्या कुंपणाला जाऊन भिडली आणि तिथून ओरडली, "आबा, आता खाली काहीच नाही!"

आबांनी पुन्हा दोन टोले दिले.

मशीनवर बसलेल्या मुलीने शिवण अर्धवट सोडलं. आबा डब्याची जागा विसरले होते. आणि नेमका आजच तिचा दादा शहरातून आला होता. आबांचं आता काही खरं नाही असं त्याच्या कानावर गेलं होतं, तसं असेल तर तो त्यांना घेऊनच जाणार होता. "कोण म्हणतं? ठणठणीत आहेत," असं तिने फोनवर ठोकून दिलं होतं. वर्षभर ती हेच करत आली होती. गॅस उघडा राहिला की दोष स्वतःकडे घ्यायचा, आबा वाट चुकले की मीच पाठवलं होतं म्हणायचं. आबा शहरात गेले असते तर ते घर तिला खायला उठलं असतं.

ती पायरीशी आली. "पोरं दमली, आबा. चला, आपणच आणू डबा."

दादा मोटारीला टेकून बघत होता.

दुपार कलली होती आणि उतारावर धुकं पसरत होतं. आबा उठले, त्यांनी डोळे मिटले आणि चालू लागले. रस्त्याने नव्हे, रस्त्याच्या खालून. गावाखालचे सगळे बोगदे त्यांच्या पायांना पाठ होते.

"डोकं सांभाळ," ते म्हणाले. वर मोकळं आभाळ होतं, तरी ती वाकली.

"इथं पाणी आहे." त्यांनी पायजमा वर धरला. तिनेही साडी उचलली, आणि खरंच घोट्यांना गारवा लागला. समोरून न्हावीकाका येत होते. त्यांनी मिटलेले डोळे पाहिले आणि काही न विचारता ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कोळशाची गाडी जाऊ द्यावी तसे. धुक्यात आणखी कोणी कोणी बाजूला होत होतं. गाव तेवढा वेळ जमिनीखालीच गेलं होतं. तिला वाटलं, हे संपूच नये.

गल्ल्या वळत वळत ते मागच्या दाराने हॉलमध्येच परतले. आबा रंगमंचाखाली शिरले, हात लांब केला, आणि डबा बाहेर आला.

पोरांनी एकच गिल्ला केला. डब्यातला खाऊ खिशांत कोंबून ती पांगली.

"मी आपला उगाच जिवाला घोर लावून घेतला," दादा हसून म्हणाला. "आबा, तुम्ही तर माझ्याहून धडधाकट! निघतो मी."

तो मोटारीकडे गेला. ती जिंकली होती.

आबांनी रिकामा डबा तिच्या हातात दिला आणि अदबीने म्हणाले, "फार मदत केलीत हो, बाई. आता निघा. घरी कोणी वाट बघत असेल."

तिला आधी थट्टाच वाटली. मग तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"वडील आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"मग निघाच. माझीही मुलगी आहे. मी गेल्याशिवाय जेवत नाही. लहान आहे हो अजून. फार जीव आहे तिचा माझ्यावर."

बाहेर मोटार सुरू झाली. ती गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण तिचा बांधच फुटला. डबा तसाच टाकून ती धावली.

"दादा, थांब! मी खोटं बोलत होते. त्यांना काही आठवत नाही रे. आत्ता मलासुद्धा ओळखलं नाही."

दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मग नेऊ त्यांना?"

"नेऊ नकोस. तू राहा. मला एकटीला नाही जमत."

दादाने मोटार बंद केली आणि खाली उतरून तिला जवळ घेतलं. आबा मान खाली घालून दारातून बाहेर आले. दोघांना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"चला, बरं झालं," ते म्हणाले, "बाईंना न्यायला कोणीतरी आलं."