खालच्या दोन ओळी

सांगलीच्या आमच्या दैनिकात बातमी लिहायला शिकवायचे ते आप्पासो. काय झालं, कुठं झालं, कुणाचं झालं ते पहिल्या वाक्यात. बाकीचं महत्त्वाप्रमाणे खाली खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. आणि खोटं असेल ते मेलं तरी छापायचं नाही. मी मिरजेचा बातमीदार. एकदा उरुसाची बातमी मी अत्तराच्या वासापासून सुरू केली, तर कागद भिरकावून म्हणाले, "सिकंदर, कीर्तन करायचं असेल तर देवळात जाऊन बस." आपण कुणाला देवळात बसवतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, इतका तो माणूस कामात बुडालेला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मिरजेच्या रेल्वे फाटकात एका पोराला इंजिनाची धडक बसली. विशीतलं पोर, बेशुद्ध, खिशात काही नाही. मी इस्पितळात जाऊन त्याला बघून आलो. उजव्या हातावर गोंदलं होतं, 'हरणाबाई'. मला ते नाव सगळ्यात वर हवं होतं. आप्पासो म्हणाले, आधी अपघात. मग फाटक, मग गाडीला झालेला उशीर, आणि शेवटच्या दोन ओळींत ते गोंदण आणि ओळखणाऱ्यांनी यावं ही विनंती.

सकाळी अंक उघडला आणि माझं डोकंच फिरलं. बातमी गाडीच्या उशिरापाशी संपली होती. खाली कुणा चेअरमनच्या वाढदिवसाची जाहिरात, गळ्यात हार घातलेल्या फोटोसकट. तणतणत मी सांगली गाठली.

"जाहिरात ऐनवेळी आली. खालून कापलं," आप्पासो शांतपणे म्हणाले. "उद्या घेऊ."

तो उद्या आलाच नाही. रेल्वेचा संप सुरू झाला आणि त्यानं सगळे कॉलम खाऊन टाकले. मी रोज आठवण करून द्यायचो, ते रोज मान हलवायचे. पोर शुद्धीवर न येताच गेलं. बेवारस म्हणून त्याला अग्नी दिला गेला, तेव्हा तिथं ओळखीचं म्हणावं तर मीच होतो.

पंधरवड्यानं कचेरीत एक म्हातारा आला. धोतर, डोक्याला मळका फेटा.

"म्या आकाराम, उंब्रजचा. पोरगं हरवलंय, तेवढं छापायचं हाय."

आप्पासोंनी पेन्सिल उचलली. आकारामानं सुरुवात केली ती पोराच्या जन्मापासून. नवस, मग आजारपण, मग मसूरच्या स्टेशनात तासन्‌तास गाड्या बघायचा त्याचा नाद.

"काका, महत्त्वाचं आधी सांगा," आप्पासो वैतागले.

"आवं, तेच सांगतुया न्हवं. मुका हाय नाथाजी. आईला हाक मारता येत न्हाई त्येला. म्हून तिनं जत्रंत आपलं नाव त्येच्या हातावर गोंदून घेतलं. हरणाबाई."

आप्पासोंची पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं काम माझ्यावर आलं आणि मी ते सांगितलं. फाटकापासून अग्नीपर्यंत सगळं.

म्हातारा रडला नाही. "पेपरात न्हाई आलं कायबी," एवढंच म्हणाला. मी जुना अंक काढून त्याच्यापुढे ठेवला आणि गोंदणाच्या ओळी जाहिरातीसाठी कापल्या गेल्याचं सांगितलं.

"ही? ही म्या वाचली हुती की! तिलाबी वाचून दावली. कुनाचं लेकरू आसंल, म्हनली, आन् पदर लावला डोळ्याला." त्याचं बोट बातमीवरून खाली सरकत चेअरमनच्या हारावर येऊन थांबलं. "हितं व्हतं व्हय तिचं नाव?"

"होय."

त्यानं अंकाची घडी घालून तो माझ्याकडे परत दिला. मग आप्पासोंसमोर हात जोडून म्हणाला, "सायेब, तिला ह्ये सोसायचं न्हाई. हरवलाय आसंच छापा."

मला वाटलं, आप्पासो नाही म्हणतील. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'हरणाबाईचा मुलगा नाथाजी हरवला आहे.' दुसऱ्या दिवशी निवेदन पहिल्या पानावर पूर्ण आलं. त्याच्यासाठी त्यांनी एक जाहिरात परत पाठवली.

पुढे संप मिटला, गाड्या सुरू झाल्या. उंब्रजचा आमचा एजंट एकदा सहज बोलून गेला की हरणाबाई रोज मसूरच्या स्टेशनात येऊन बसते. प्रत्येक गाडीचे डबे न्याहाळते. कुणी घरी चल म्हटलं तर सांगते, "पेपरात आलंय न्हवं, आनून सोडत्याल कुनीतरी."