उन्हासाठी शिवलेला

मी सनकोट बोलतोय. सुती, फुलाफुलांचा, गुडघ्यापर्यंत लांब. सोलापूरकरांना माझी ओळख सांगायला नको. उन्हाळ्यात गाडीवरून जाणाऱ्या बायकांत सासू कोण नि सून कोण हे कळत नाही, ते माझ्याच कृपेने.

नवी पेठेतल्या एका दुकानाबाहेर मी लटकत होतो. वैदेहीने मला घेतलं ते रंगही न बघता. बाही ओढून मनगट झाकतंय का, एवढंच पाहिलं. मला वाटलं, बाईंना गोरेपणाची भारी काळजी! पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात पोचल्यावरही तिने मला काढलं नाही. ती तिथे क्लार्क आहे. दिवसभर पंख्याखाली ती आणि मी, दोघेही घामाने चिंब.

कारण मला आतून कळलं. दोन्ही हातांवर लाल चट्टे, त्यावर पांढऱ्या खपल्या. सोरायसिस, नऊ वर्षांपासून. कधी दबून राहतो, कधी कामाचा ताण आला की फुलून येतो. तो पुरता जात नाही आणि दुसऱ्याला होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण डॉक्टर एक आणि सल्लागार गावभर! कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी सांगोल्याचा लेप. एका बाईंनी तिला वांगी सोडायला लावली, स्वतः भरलं वांगं खाता खाता.

चारचौघांत खाजवायचं नाही, हा वैदेहीचा नियम. खाज सुटली की ती माझ्यावरून हात घट्ट दाबून धरायची. घरी येऊन मला झटकलं की खपल्या पडायच्या आणि ती रडायची. मला तिचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा. अगं बाई, मी उन्हासाठी शिवलेला, माणसांसाठी नाही!

यंदा मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं, श्रावणीचं लग्न निघालं. बांगड्या भरायचा दिवस आला. नवरीला हिरवा चुडा आणि तिच्यासोबत घरातल्या लेकीसुनांनाही बांगड्या. कासारीण घरी येते, एकेकीचा हात हातात घेते. वैदेहीला बहिणीशेजारी बसून बांगड्या भरायच्या होत्या. फार दिवसांपासून तिच्या मनात तेवढंच होतं.

पण मोहोळहून विहीणबाई येणार होत्या. सरोजिनी आत्यांनी सकाळीच फर्मान काढलं, "तू कोट घालूनच बस. त्यांनी बघितलं नि काही बिनसलं तर? श्रावणीचा विचार कर जरा."

वैदेही बसली. विहीणबाई माझ्याकडे टकामका बघायला लागल्या. आत्या म्हणाल्या, "हिला सर्दी झालीय हो."

बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता.

दगडाबाई कासारणीने श्रावणीचे हात भरले आणि वैदेहीकडे वळून म्हणाली, "आता थोरलीचं हात. ह्यो कोट कशाला हितं? काढ की."

"तिला नकोत बांगड्या," आत्या घाईने म्हणाल्या.

"व्हय? तिला इचारलंय का?"

वैदेहीने माझ्या बाह्या एकदा खाली ओढल्या. मग तिने स्वतःच माझी बटणं काढली. "मला सर्दी नाही," ती विहीणबाईंना म्हणाली, "सोरायसिस आहे. कुणाला लागण होत नाही त्याची."

शेजारच्या एका बाईंनी आपला चहाचा कप हळूच लांब सरकवला. मी पाहिलं ते. दगडाबाईने मात्र तो हात आपल्या मांडीवर घेतला.

"दुखतंय का गं, बाई?"

नऊ वर्षांत "पसरतं का?" हे सगळ्यांनी विचारलं होतं. दुखतं का, हे कुणीच नाही. वैदेहीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "कधी कधी. खूप."

"मग एक माप मोठं घालूया. घासायच्या न्हाईत."

विहीणबाईंनी आत्यांना विचारलं, "खरंच लागण नाही ना?"

आत्या कात्रीत सापडल्या. "छे हो! आम्ही तर एका ताटात जेवतो!" अशी थाप मी आजवर ऐकली नव्हती.

भर दुपारी आत्या घरी निघाल्या. वैदेहीने मला उचललं आणि विहीणबाईंच्या देखतच आत्यांपुढे धरलं. "आत्या, ऊन फार आहे. घाला ना माझा कोट." सगळ्या बघत होत्या. आत्यांनी मला घातलं. हात असे ताठ, की बाहीला लागूच नयेत. रिक्षात बसताच मला काढून पिशवीत कोंबलं.

तेव्हापासून मी आत्यांच्या गच्चीवर दोरीवर आहे. मला तीनदा उकळलं, चारदा जंतुनाशकात बुडवलं. फुलं विटली. वैदेही बाई, मला घेऊन जा. गाडीवर घाल, पण ऑफिसच्या दारात काढून ठेव. चट्टे उद्याही असतील, पण पंख्याखाली मला घालून पुन्हा उकडून घेऊ नकोस.

तिचा फोन येतो अधूनमधून. पलीकडे बांगड्या किणकिणतात. ती मुद्दाम विचारते, "आत्या, माझा कोट?"

आणि आत्या म्हणतात, "अगं, वाळतोय अजून."

सोलापुरात. मे महिन्यात. आज आठवा दिवस.