काचेवरचे हिंदुराव

हिंदुराव चौगुले मंगळवारपासून आपल्या गाडीच्या स्पीडोमीटरमध्ये आहेत. काच आतून पुसायला गेले, ते अजून बाहेर आलेले नाहीत.

शुक्रवारी शालनवहिनी मीटर टॉवेलात गुंडाळून उद्यमनगरात माझ्या दुकानी घेऊन आल्या. मीटर दुरुस्तीचं कोल्हापुरातलं माझं दुकान तसं जुनं. टेबलावर ठेवताना म्हणाल्या, "हळू, मिस्त्री. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

माझ्या वहीत प्रत्येक मीटरची नोंद असते. ओल कुठून शिरली, किती वेळ दिव्याखाली ठेवलं, आणि गिऱ्हाईक गाडी चालवणारं की पुसणारं. पुसणाऱ्यांच्या मीटरात दव जास्त धरतं. चालवणाऱ्याची गाडी तापते, सुकते. पुसणाऱ्याची शेडमध्ये उभी राहून गारठते. हिंदुरावांची जुनी काळी गाडी गेल्या वर्षी प्रदर्शनाला गेली ती ट्रकवरून, आणि आली तीही ट्रकवरून. तिथे परीक्षकानं धुरकटलेल्या मीटरवर बोट टेकवलं आणि पुढच्या गाडीकडे वळला. तेव्हापासून हे झोपले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, आपणही नाही, असंही म्हणाल्या.

मी भिंग लावलं. काट्याच्या बुडाशी हिंदुराव बनियनवर उभे होते. जागे झाले होते. हातातल्या फडक्यानं काच पुसायचे, दोन पावलं मागे सरकून बघायचे, दमून श्वास सोडायचे. काच पुन्हा धुरकटायची.

मीटरला पाठीमागे एक बारीक भोक असतं. मीटर त्यातून श्वास घेतं. टापटिपीची माणसं ओल तिथूनच येते असं समजून ते बुजवतात आणि आतली ओल आतच कोंडतात. हिंदुराव त्याच भोकातून आत गेले होते, आणि आपल्या मागोमाग ओल येऊ नये म्हणून त्यांनी ते आतून मेणानं बुजवलं होतं. वहीत इतकी मीटरं आहेत, पण आतून बुजवलेलं हे पहिलंच.

वहिनींनी रोजची खूण ठेवली होती. मंगळवारी त्यांचं डोकं चाळीसच्या आकड्याला लागत होतं, काल तिशीला. मी पाहिलं तेव्हा ते विसाच्याही खाली होते. काचेवरचं दव वेगळं काही नव्हतं. श्वासाश्वासानं हिंदुरावच काचेवर जमत होते, आणि स्वतःलाच पुसून फडक्यात घेत होते.

दिव्याखाली ठेवलं तर ते वाळून गेले असते. वरचं कडं उचकटलं तर काच अंगावर पडली असती. राहिलं भोक. मी पंखा बंद केला, दार लावलं, शेजारच्या वेल्डरला घटकाभर थांबायला सांगितलं. सुई तापवून मेण काढलं आणि भोकाशी तोंड नेऊन, वाट मोकळी आहे, या, असं सांगितलं.

"आलोच," आतून आवाज आला. "एवढा कोपरा राहिलाय."

"लग्नातबी असंच," वहिनी म्हणाल्या. "मंगलाष्टका सुरू झाल्या तरी नवरदेव मांडवाच्या दारात गाडी पुसतोय. मामानं हाताला धरून आणला." त्या हसल्या नाहीत. मला विचारलं, किती वेळ आहे. मी भिंगातून पाहिलं. डोकं पंधराला आलं होतं. चहा होईपर्यंत दहाला येईल, असं मी सांगितलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी मीटर उचललं, भोक ओठांशी धरलं.

"तुम्हाला काच स्वच्छ पाहिजे न्हवं?" त्या म्हणाल्या. "घ्या."

आणि त्यांनी श्वास आत ओढला. मोठा, सावकाश, गालांत खड्डे पडेपर्यंत. काचेवरचं दव कडेकडेनं सुटलं, भोकाकडे ओढलं गेलं, आणि मीटर लख्ख झालं. इतकं की आकड्यांचा मूळचा रंग मला तेव्हा कळला.

वहिनींनी भोकावर अंगठा ठेवला आणि तोंड मिटलं. आता निम्म्याहून जास्त हिंदुराव त्यांच्या छातीत होते. श्वास बाहेर सोडला तर ते दुकानभर पांगणार. परत आत सोडला तर काच धुरकटणार, फडकं पुन्हा चालू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वहीत काही सापडेना.

त्यांनी मीटर फिरवून काच आपल्या तोंडासमोर धरली.

आत हिंदुरावांनी मान वर केली. स्वच्छ काचेतून त्यांना समोरचं पहिल्यांदाच दिसलं असावं. वहिनींचा लाल होत चाललेला चेहरा, फुगलेले गाल, भरून आलेले डोळे. फडकं त्यांच्या हातातून खाली पडलं. नीट दिसावं म्हणून ते पुढे आले, अगदी नाक काचेला टेकेपर्यंत, आणि काच धुरकटू नये म्हणून त्यांनीही श्वास रोखून धरला.