विषारी

कुरवंड्याच्या वनस्पती उद्यानात दर रविवारी आम्ही दोघं फुकट राबतो. मी, शहिस्ता, कुसगावात शिलाईकाम करते आणि हनुमंतभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेत. लोकांना माहिती मिळावी म्हणून आम्ही प्रत्येक झाडापुढे पाटी लावली: नाव, आणि खाली कशावर औषध ते. तिथंच माती खाल्ली. 'गुडमार, मधुमेहावर' असं लिहिलं आणि पुढच्या रविवारी वेल मुळासकट गायब. मग सर्पगंधा गेली, मग चित्रक. पाट्या मात्र कुणी नेल्या नाहीत, मेल्यांनी!

शेवटी एक अमरकंद उरला, तोही औषधीच. भाऊ म्हणाले, "आता औषध लिवूच नगं. विषारी म्हून लिव. कोन हात लावतंय बघू."

मी लाल रंगात ठसठशीत लिहिलं. कुणीच हात लावला नाही. अमरकंदाला नवी पानं फुटली.

या रविवारी एका कंपनीची पोरं-पोरी श्रमदानाला आली होती. आम्ही पोचेपर्यंत त्यांचं काम उरकलं होतं. अमरकंदाच्या जागी खड्डा होता. त्यांची म्होरकी हसत पुढं आली.

"मॅडम, इथं लहान मुलं येतात ना? विषारी झाड होतं, आम्ही कंदासकट काढून जाळून टाकलं."

मी तिरमिरीत पाटी उपटायला वाकले, तर भाऊंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. हितल्या मातीत आता तेवढंच टिकतंय."