राहून गेलेला ळ

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आज माझा रंग उडाला आहे, बुडाला गंज चढला आहे आणि झाकण वाकडं झालं आहे. पण मित्रांनो, एके काळी माझं झाकण उघडायला चमचा लागायचा. नुसत्या नखाने उघडेन तर मी कसला डबा! या झाकणाचा मला फार गर्व होता. मुंगी आत शिरायची नाही, ओल शिरायची नाही. माझ्या पोटात ठेवलेली वस्तू सुखरूपच राहणार, अशी माझी खात्री होती. तो गर्व कसा उतरला, ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

सोनपेठच्या आठवडी बाजारात बन्सीधर नावाचा एक कारागीर बसायचा. गोडेतेलाचे रिकामे डबे कापून तो चाळण्या, नरसाळी आणि माझ्यासारखे लहान डबे करायचा. त्याने मला कातरलं, ठोकून गोल केलं, सांधे झाळले. माझ्या पाठीवर तेलाच्या जाहिरातीतलं अर्धं सूर्यफूल तसंच राहून गेलं. उरलेलं अर्धं कुठल्या चाळणीच्या नशिबी आलं, कोण जाणे.

पालमकडच्या दगडाबाईंनी मला विकत घेतलं. त्यांची लेक सरजा हिचं लग्न ठरलं होतं. दगडाबाईंनी माझ्यात राखेत घोळलेलं वाळकाचं बी भरलं आणि मला थेट रुखवतात मांडलं. स्टीलच्या चकचकीत भांड्यांच्या रांगेत मी! पाहुण्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने तर विचारलंच, "पत्र्याचा डबा कुणी रुखवतात ठेवतंय का?"

दगडाबाई म्हणाल्या, "भांडी सासरी बी मिळतेल. हे बी मिळणार न्हाई."

वाळूक तुम्ही खाल्लं नसेल, तर थोडं सांगतो. ते काकडीच्या कुळातलं. दगडाबाईंच्या वेलाचं वाळूक हिरव्या पट्ट्यांचं असायचं. कोवळं असताना मिठाबरोबर कुरकुरीत लागायचं आणि पिकलं की आपोआप तडकायचं. मग त्याचा आंबटगोड वास गल्लीभर जायचा आणि शेजारची मुलं काही ना काही निमित्त काढून घरात यायची. पुढे दगडाबाई वारल्या. माहेरी सगळ्या रानात कापूस आणि सोयाबीन आलं, वेल लावायला कुणाला सवड राहिली नाही. त्यानंतर ते बी फक्त माझ्या पोटात उरलं. हे सरजाबाईला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

सरजाबाई आणि तिचा नवरा भारत दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. त्यांची मुलगी ऋतिका शाळेसाठी गावातच आबांजवळ, म्हणजे आजोबा सूर्यभान यांच्याजवळ राहायची. आईवडील परत यायचे ते पाडव्याच्या सुमाराला. त्यामुळे आमच्या घराचा खरा वसंत म्हणजे सगळी माणसं एका घरात असण्याचे दिवस. बाहेर कडुलिंब मोहरलेला असायचा आणि घरात कामांची नुसती गडबड उडायची. हापशाचं सांडपाणी जिथे जायचं, तिथे सरजाबाई आळी करून काकडी, दोडका, कारलं आणि वाळूक लावायची. भारत अंबाडीचे दोर वळायचा. आबा फुटक्या सुपाला नवं बांधून द्यायचे. ऋतिका तर कागद, काड्या, चिंध्या, काहीही घेऊन बसायची आणि त्याचं काहीतरी करायची. मला त्या पोरीचं फार कौतुक होतं.

गेल्या वर्षीच्या चैत्रात या घरात शाळाही भरली. विद्यार्थी एकच, सरजाबाई. आणि मास्तरीण पाचवीतली ऋतिका. भिंतीवर कोळशाने अक्षरं काढायची आणि आईने ती खाली पाटीवर गिरवायची. मास्तरीण कडक होती. सरजाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला आधी माझं नाव शिकव. मग दोडका, काकडी, वाळूक."

"तसं न्हाई चालत. क पासून क्रमानं शिकायचं. आमच्या बाई तसंच शिकवतेत."

"बरं बाई, क्रमानं तर क्रमानं."

क्रमाने शिकता शिकता मृग आला. मग पेरणी, मग खुरपणी, मग मूग-उडदाची तोडणी. काना, मात्रा, वेलांटी झाली, ह पर्यंत गाडी आली आणि तिथेच थांबली. ळ राहिला. त्याच्यामागचे क्ष आणि ज्ञ सुद्धा राहिले, पण त्यांच्यावाचून या घराचं काही अडलं नाही.

तोडीला निघायच्या सकाळी सरजाबाईने मला खाली घेतलं. बियांच्या चार पुड्या माझ्यात होत्या. आजवर ती वासावरून आणि बोटांनी चाचपून बी ओळखायची. पण आता तिला लिहिता येत होतं. ऋतिकाला पुढे कधीतरी दिसावं आणि तिने चकित व्हावं म्हणून तिने गुपचूप पेन घेतला. जीभ दातांत धरून तिने एका पुडीवर लिहिलं, 'काकडी'. दुसरीवर 'दोडका'. तिसरीवर 'कारलं'. ड जरा कलंडला होता, पण वाचता येत होता. मित्रांनो, तिचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता!

चौथी पुडी वाळकाची. तिने पेन टेकवला आणि तिथेच अडली. आतूनच तिने हाक मारली, "ऋतू, तो ळ कसा काढायचा गं?"

ऋतिका दारात आईवडिलांची भाकरी फडक्यात बांधत होती. तिकडे भारत ओरडत होता, "आगं चल की! ट्रॅक्टर उभा राह्यलाय, मुकादम बोंबलायलाय!"

"ळ शेवटी हाय, आई. तू आल्यावर शिकवते," ऋतिका म्हणाली.

आई ळ कशाला विचारते आहे, हे तिने विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही. अर्धंच नाव लिहायला सरजाबाईला लाज वाटली. तिने पुडी तशीच कोरी माझ्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. 'आल्यावर लिहीन,' असं ती स्वतःशीच पुटपुटली. ते फक्त मी ऐकलं.

फाल्गुनात शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टाकाऊपासून टिकाऊ वस्तू करायला सांगितल्या. ऋतिकाच्या डोक्यात आलं की गुढीचं चित्र करावं. पाडव्याला आई येईल, दारातून आत पाऊल टाकलं की समोर भिंतीवर ते दिसेल. काठीला तुरीची काडी, वस्त्राला आईच्याच जुन्या लुगड्याची चिंधी, गडूला चॉकलेटची चांदी. राहिली साखरेची गाठी. तिला चपट्या बिया चांगल्या शोभल्या असत्या.

तिने फळीवरून मला काढलं. चमचा घातला आणि एका झटक्यात मी उघडलो. आयुष्यभर अडून बसणारा मी त्या दिवशी अडलोच नाही.

आत तिला तीन पुड्यांवर आईचं अक्षर दिसलं. ती बघतच राहिली. मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, पुड्या छातीशी धरल्या. आईच्या हातचं लिहिलेलं तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या पुड्यांना ती कधीच हात लावणार नव्हती. मग तिने कोरी पुडी उचलली. पोरगी हुशार, तिने विचारही केला. वाळकाचं बी नि काकडीचं बी दिसायला सारखंच. आईला ळ येत नाही. म्हणजे वाळकाच्या पुडीवरच तिने 'काकडी' लिहिलं असणार. मग ही कोरी पुडी बाजारच्या काकडीची, उरलेली, टाकाऊ. असा तिने हिशोब मांडला. तिला आईचं बी जपायचं होतं आणि जपता जपताच तिने ते उचललं.

मी ओरडू शकलो असतो तर! पण डब्याला वाजता येतं, बोलता येत नाही. आणि वाजवायलाही कुणीतरी लागतं.

गाठी रंगीत असते, म्हणून तिने रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग पातेल्यात घातला. रंग पक्का बसावा म्हणून पाणी खळखळ उकळलं आणि पुडी त्यात ओतली. एकही बी मागे ठेवलं नाही. आबा तेव्हा पारावर बसायला गेले होते. संध्याकाळी गुलाबी बियांची लांब गाठी डिंकाने कागदावर बसली. चित्र खरोखर सुंदर झालं होतं, हे मला कबूल करावंच लागेल.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईवडील आले. सरजाबाईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायच्या आधी चित्र पाहिलं. "आगं बाई! गाठी तर खरीच वाटायलीय की!" तिने ऋतिकाला जवळ ओढलं, शेजारणींना बोलावून चित्र दाखवलं. गाठीवरून तिने बोट फिरवलं, तेव्हा माझा जीव नुसता वरखाली होत होता. पण ओळख पटली नाही. रंग पक्का बसला होता.

पाडवा झाला आणि सरजाबाईने आळी केली. मला घेऊन ती हापशापाशी गेली. झाकण काढलं. एक, दोन, तीन.

"ऋतू, कोरी पुडी कुठंय गं?"

ऋतिका उड्या मारतच आली. "ती व्हय? तिच्यावर नाव नव्हतं, म्हणून मी गाठीला घेतली. तू नाव लिहिलेल्या पुड्यांना हात लावला न्हाई, बघ!"

सरजाबाईने मला खाली ठेवलं. उठली, घरात गेली, चित्रासमोर उभी राहिली. एक बी नखाने उपटून तिने दाताखाली धरलं. मग ती उंबऱ्यावर बसली आणि तोंडावर पदर घेतला. ऋतिकाला तेव्हा समजलं, ती कोरी पुडीच वाळकाची होती.

आबा म्हणाले, "पोरीनं काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर मारता आलं असतं, मामंजी," सरजाबाई पदराआडून म्हणाली. "आईचं तेवढंच ऱ्हायलं होतं माझ्याजवळ."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने पालमला गेली. तिचा भाऊ गोपाळ म्हणाला, "आता कोण लावतंय वाळूक? बाजारात काकडी लय मिळती." त्याने बहिणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून पिशवीभर काकड्या दिल्या. त्या घेऊन ती संध्याकाळच्या गाडीने परत आली. भाऊ प्रेमाने देत होता, त्याला काय बोलणार?

त्या दोन दिवसांत आई लेकीशी कामापुरतंच बोलली. इकडे ऋतिकाने चित्र भिंतीवरून काढलं, पाण्यात भिजवलं आणि एकेक गुलाबी बी सोडवून वाळकाच्या मोकळ्या आळ्यात लावलं. नावाच्या तीन पुड्या प्लास्टिकच्या बरणीत गेल्या होत्या. रिकाम्या मला घेऊन ती हापशावर जायची आणि माझ्यातून त्या आळ्याला पाणी घालायची. पाण्याने पत्रा गंजतो, हे मला माहीत होतं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

चैत्रात शाळा सकाळची असते. ऋतिका शाळेत गेली की मला आश्चर्य वाटायचं. सरजाबाई यायची, मला उचलायची आणि त्याच आळ्याला पाणी घालायची. उन्हाने माती तडकली तर हाताने भुगा करायची. शेजारच्या आळ्यांत काकडी उगवली, दोडक्याला दोन पानं आली. या आळ्यात काही नाही.

तीन आठवडे गेले. एके दिवशी ऋतिका आळ्यापाशी बसून म्हणाली, "आई, उगवंना गं."

सरजाबाई तिच्याजवळ खाली बसली. "उकडलेलं बी उगवत न्हाई, बाई."

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"मग तू का पाणी घालत होतीस?"

"तू घालायलीस म्हणून."

मग ऋतिका आईच्या कुशीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. सरजाबाईही रडली. "मी शिकवलं न्हाई," ऋतिका म्हणत होती. "मी सांगितलं न्हाई," आई म्हणत होती. मित्रांनो, दोघींचंही खरं होतं.

आता मी हापशापाशीच असतो. माझ्या बुडाला एक भोक पडलं आहे, त्यामुळे पाणी आणायलाही मी फार दिवस पुरणार नाही. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी काही बांधून ठेवलं असेल, तर ते काय आहे नि कुणाचं आहे, हे त्यांना आजच विचारा. त्यावर नाव नसेल तर टाकाऊ समजू नका. आणि मोठ्या माणसाने तुम्हाला एखादं अक्षर विचारलं, तर क्रम बघू नका, घाई बघू नका. ते कशाला हवंय, एवढं तरी नक्की विचारा.

सरजाबाई वैशाखात ळ शिकली. तिला तो एकाच सकाळी आला.