डागांचं वय

आमच्या घराण्यात आजवर डागाला कुणी थारा दिला नाही, आणि मला नेमके डागच शिकायचे होते. परदेशातल्या एका विद्यापीठात जुनी वस्त्रं सांभाळण्याचा अभ्यासक्रम आहे. संग्रहालयात काचेआड असतात ना, तसली वस्त्रं. त्यांनी माझा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे नेला आणि कॅमेऱ्यासमोर मुलाखतीला बोलावलं. तिथे मला माझे नमुने दाखवायचे होते: सुती, रेशमी, लोकरी कापडाचे तुकडे आणि त्यांवर चहा, रक्त, शाई, गंज. काही डाग ताजे, काही वर्षभर मुरवलेले. डाग म्हातारा होताना कापडाचं काय करतो, हे मी त्यांतून उलगडून सांगणार होते. माझी सगळी भिस्त त्या तुकड्यांवर होती.

मला वाढवलं आत्याने, आणि आत्याची लॉन्ड्री आहे. दुकानातले इस्त्रीवाले काका मला ‘डागवाली’ म्हणायचे. “लोक तिकिटं जमवतात, आमची डागवाली डाग जमवते!” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगत. आत्या मात्र हसायची नाही. “घाण जपायला समुद्र ओलांडायचा? आणि इथे माझ्यामागे दुकान कोण बघणार?” एवढं म्हणून ती ब्रश घासत राहायची.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी सगळे तुकडे दुकानातल्या डाव्या टेबलावर मांडले, कारण खिडकीचा उजेड तिथेच चांगला पडतो. फोटो काढायचे होते. मग आठवलं, मोबाइल वर खोलीत चार्जिंगला लावलाय. तो आणायला गेले, केस नीट केले आणि उत्तरांची उजळणी करता करता दोन तास वरच गेले. खाली आले तर टेबल मोकळं, आणि मागच्या तारेवर माझे तुकडे ओळीने वाळत घातलेले. स्वच्छ, पांढरेशुभ्र.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या दुकानाची रीत आहे: डाव्या टेबलावर आलं ते धुवायचं, उजव्यावर आलं ते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं, आणि मध्ये कुणी कुणाला विचारत बसायचं नाही. ही रीत मला चालायला लागल्यापासून ठाऊक. पण त्या क्षणी माझी चूक मला दिसायलाच तयार नव्हती.

“मला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंस!” मी ओरडले.

“टेबलावर होतं, धुतलं,” आत्या म्हणाली.

“हे माझे नमुने आहेत, हे तुला कळलं नाही?”

“कळलं. पण अर्धे धुऊन झाल्यावर. डाग दिसला की हात शिवशिवतात गं माझे. हात आधी गेले, डोकं मागून आलं.”

“मग उरलेले अर्धे?”

तिने ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

मध्ये पडले ते काका. “रडून काय होणार? चहा आहे, शाई आहे. लावा नवे डाग. गरम इस्त्री दाबून धरली की कालचा डाग वर्षाचा दिसतो. तिकडे कोण ओळखणार?”

आत्याने लगेच चहाचं आधण ठेवलं. खोटं कशाला बोलू, माझंही मन डळमळलं. एवढी वाट पाहिली, एवढा जीव ओतला आणि शेवटी हात चोळत बसायचं? पण डागांचं वय ओळखायला शिकायचं म्हणून मी त्यांच्या दारात उभी होते. पहिल्याच भेटीत त्यांना वयाची थाप मारायची?

“नको,” मी म्हटलं. “आहे तेच दाखवीन.”

पडद्यावर तिघंजण होते. मधल्या बाईंनी नमुने मागितले. मी स्वच्छ तुकडे एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरले आणि काय घडलं ते सरळ सांगितलं. शाईचा डाग कुठे होता, तो निघताना रेशीम कुठे विरलं, तेही दाखवलं. त्यांनी बारकाईने पाहिलं.

“तुमचं बोलणं पटतं,” बाई म्हणाल्या, “पण या तुकड्यांवरून आम्ही तुम्हाला जागा देऊ शकत नाही.”

मी हातातला तुकडा खाली ठेवला.

“तर मग या वर्षी देऊ नका. माझा अर्ज पुढच्या वर्षासाठी ठेवा. मी पुन्हा डाग लावीन, पूर्ण वर्ष मुरवीन आणि पुन्हा तुमच्यासमोर बसेन. नाही बसले, तर खुशाल फाडून टाका.”

तिघं आपसात बोलले. बाई पहिल्यांदाच हसल्या. “ठीक आहे. पुढच्या वर्षी थेट मुलाखतीला या. जागेचं वचन मात्र देत नाही.”

“वचन मागितलंच नाही मी,” असं माझ्या तोंडून निघून गेलं.

वळून पाहिलं तर दारात आत्या. तिला त्यांची भाषा येत नाही. मी सगळं सांगितलं. एक वर्ष मी इथेच आहे म्हटल्यावर तिचा चेहरा खुलेल असं वाटलं होतं. खुलला नाही. ती वर गेली आणि तिची ठेवणीतली पांढरी लोकरी शाल घेऊन आली. तिच्यावर कधी पाण्याचा थेंबही पडू दिला नव्हता तिने. शाल डाव्या टेबलावर पसरली, आणि सकाळी उकळून ठेवलेला चहा कपात घेऊन तिच्या मधोमध ओतला.

“पुढल्या मुलाखतीपर्यंत हा वर्षाचा होईल ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मग कपाटात ठेव, कुलूप लाव,” आत्या म्हणाली, “आणि मी कितीही हातापाया पडले तरी किल्ली मला देऊ नकोस.”